पोकळी साधणारी हत्यारे आणि त्यांची निगा

कार्ले येथील चैत्यगृहाच्या प्रवेशद्वारापाशी धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख कोरलेला आहे. द्वाराचे काम त्याने केले, असे तो प्राकृत लेख सांगतो. त्याच चैत्यातील छताच्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. कारागिराचे नाव राहिले, लाकूडही राहिले. परंतु ज्या हत्यारांनी ते काम झाले त्यांविषयी तेथे एक अक्षरही नाही. मनु, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ या पंचपरंपरेचा आपण अभिमान बाळगतो. तथापि तिचे खरे धन जे हत्यार, त्याची निगा कशी राखावी हे लिहून ठेवण्याची चाल आपल्यात फारशी पडली नाही. म्हणून येथे पोकळी साधणाऱ्या हत्यारांपुरता विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

लाकूड कातून पोकळ करणे हे कातारी कारागिराचे काम. सावंतवाडीची लाकडी खेळणी सर्वांच्या परिचयाची आहेत. कुंकवाचा लाकडी करंडाही याच कलेतला. दोरीने फिरविण्याच्या जुन्या लेथावर लाकूड एकदा पुढे व एकदा मागे फिरे, आणि हत्यार भिडवावयाचे ते पुढच्या फेऱ्यातच. बाहेरून कातताना हत्याराला टेकू जवळ असतो. आत शिरताना मात्र पाते टेकूपासून जितके दूर जाईल तितके ते थरथरते, आणि अडकले तर भांडे फुटते. म्हणून टेकू शक्य तितका तोंडाशी सरकवावा, धार लाकडाच्या मध्याच्या उंचीला धरावी आणि आकड्यासारख्या वळलेल्या पात्याची आतली बाजू बारीक दगडाच्या कांडीने लावीत जावे. धार बोथट झाली की कारागीर नकळत जोर लावतो. आणि पोकळ कामात जोर हाच शत्रू होय.

हाच न्याय धातूलाही लागू पडतो. त्यासाठी हातकणंगले तालुक्यातील हुपरीइतके जवळचे उदाहरण नाही. पैंजणांसाठी व चांदीच्या इतर दागिन्यांसाठी या गावाचे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले आहे. चांदी तोलून विकली जाते. त्यामुळे थोड्या वजनात डौलदार दागिना हवा असेल तर तो पोकळच घडवावा लागतो. घुंगरू म्हणजे दोन वाट्या जोडून साधलेली पोकळीच. हाताने ती वाटी घडविताना पत्र्याची चकती प्रथम मोठ्या खळग्यात, मग क्रमाने लहान खळग्यांत, गोल डोक्याच्या पोलादी कांडीने बसवीत नेतात. ठोक्यांनी चांदी कडक होते. मधूनमधून ताव देऊन ती मऊ केली नाही तर कड फाटते. कांडी व खळगा यांमध्ये पत्र्याच्या जाडीइतके अंतर राहिले पाहिजे. ते कमी पडले तर पत्रा पातळ होऊन चिरतो, अधिक झाले तर सुरकुततो. बंद मण्याला डाग देताना बारीक छिद्र ठेवावे लागते. एरवी आत कोंडलेली हवा तापून जोड उघडतो.

खळग्यात एक ओरखडा पडला की तो प्रत्येक वाटीवर उमटतो. यास्तव खळगा व कांडीचे डोके आरशासारखे उजळ ठेवावे, काम संपताच तेलाचे बोट फिरवावे आणि कोरड्या फडक्यात गुंडाळावे. ठोके खाणारे टोक पसरून त्याची कड फुलते. ती घासून काढली नाही तर तिचा तुकडा उडून डोळ्याला इजा होते. कांडीला पाणी देणे हे लोहाराचे काम. लाल तापवून विझविलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. ते पुन्हा हळूहळू तापविताना गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की डोके योग्य झाले; ठोके खाणारे टोक मात्र मऊच राखावयाचे. लोहाराचे पाणी, सुताराने हातोडीस बसविलेला दांडा आणि सोनाराचा हात, अशी ही तिघांची भागीदारी आहे.

तिची कसोटी 1963 साली लागली. त्या वर्षीच्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले आणि 14 कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. देशभर असंख्य सोनारांच्या शेगड्या थंडावल्या. चांदी या निर्बंधाबाहेर होती. ऐरण, हातोडी आणि खळग्यांचा ठोकळा धातूची जात विचारीत नाहीत. तेच हत्यार चांदीलाही चालते. सुवर्ण नियंत्रण कायदा पुढे 1990 मध्ये रद्द झाला.

आज पत्रा दाबण्याचे काम यंत्रावरील ठसे करतात. परंतु दोन ठशांमधील अंतराचे गणित जुनेच आहे. ठसा लावणारा, तपासणारा व घासून दुरुस्त करणारा कारागीर ठरतो. केवळ पत्रा सरकविणारा मजूर ठरतो. हुपरीचा धंदा एका ज्ञातीचा नाही, अनेक समाजांची घरे त्यावर चालतात. तेव्हा जन्माने आलेला हक्क सांगून आपल्या मुलांचा निभाव लागणार नाही. हत्याराचे ज्ञान असेल तरच लागेल.

खंडेनवमीला आपण हत्यारांना गंधफूल वाहतो. त्याच दिवशी घरातील जुनी पेटी उघडून प्रत्येक हत्यार स्वच्छ करावे आणि त्याचे घरातील नाव, उपयोग व निगा वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरून घ्यावी, अशी आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे. सामी सुताराच्या हत्यारांची नावे गेली. आपल्या आजोबांच्या हत्यारांची तरी जाऊ देऊ नयेत.