उत्तरेचे पाटीलबाबा

मी वाघोलीत राहतो. नगर रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगा आणि नव्या इमारतींची गर्दी एवढीच आज या गावाची ओळख झाली आहे. पण त्या गर्दीच्या आतल्या बाजूला वाघेश्वराचं देऊळ आहे, पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांबरोबर जी फौज दिल्लीला गेली तिच्यात हे पिलाजी होते. १७२९ मध्ये बाजीराव छत्रसालाच्या मदतीला बुंदेलखंडात धावले तेव्हाही होते. उत्तरेची वाट पायाखाली घालणाऱ्या पहिल्या पिढीतलं हे नाव.

त्या वाटेवर पुढे सगळ्यात लांब गेलेला माणूसही पुण्यातच विसावला आहे. माझ्या घरापासून शहर ओलांडून गेलं की वानवडीला त्याची छत्री लागते. महादजी शिंदे. मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड, मुक्काम उज्जैन, ग्वाल्हेर, मथुरा, आणि अखेर पुण्यात. आजच्या भाषेत ज्याला उत्तरेतला प्रादेशिक नेता म्हणू, तसा हा माणूस. प्रांत आपल्या हातात, दिल्लीच्या कारभाराची किल्लीही हातात, पण गादी दुसऱ्याची.

महादजींविषयी बोलायचं तर पानिपतापासून सुरुवात करावी लागते, आणि पानिपत म्हटलं की मला माझा शाळेतला वर्ग आठवतो. गुरुजी धडा वाचत होते. अब्दाली, नजीबखान अशी नावं आली आणि बाकांवरची दोन-चार डोकी हळूच माझ्याकडे वळली. कुणी काही बोललं नाही. वर्गात त्या नावांच्या जवळपासचं नाव माझंच होतं, एवढंच. त्याच लढाईत मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता आणि तो मराठ्यांसाठीच मेला, हे पुस्तकात होतं. पण ती ओळ वाचताना कुणाचीही मान वळली नाही.

आणखी एक नाव मला फार उशिरा, पुस्तकं चाळताना भेटलं. राणेखान.

शिंद्यांच्या घराने उत्तरेत काय मोजलं ते आधी पाहू. १७५५ मध्ये नागोरला जयाप्पा मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात तुकोजी गेले, आणि हाती सापडलेल्या तरुण जनकोजींना नंतर मारण्यात आलं. सहा वर्षांत एका घरातले चार कर्ते पुरुष. महादजीही त्याच रणातून पळत होते. पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरचं लुटलं आणि मेला समजून टाकून दिलं. त्या वाटेने एक भिस्ती चालला होता. त्याने जखमी माणूस ओळखला, आपल्या पखालीच्या बैलावर घातला आणि दक्षिणेच्या वाटेला लावला. तो भिस्ती म्हणजे राणेखान. महादजींचा पाय कायमचा अधू झाला, पण जीव वाचला. त्यांनी राणेखानाला भाऊ मानलं. पुढे कागदोपत्रीही तो ‘राणेखानभाई’ झाला आणि फौजेचा सरदार झाला.

दहा वर्षांनी, १७७१ च्या फेब्रुवारीत, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली. बादशहा शाहआलम तेव्हा अलाहाबादेत इंग्रजांच्या आश्रयाला होता. जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांनी त्याला दिल्लीच्या गादीवर आणून बसवलं. या कामात महादजी पुढे होते. त्याच मोहिमेत नजीबखानाच्या मुलखावर फौज चालून गेली आणि मेलेल्या नजीबाची कबरसुद्धा उकरली गेली. ही गोष्ट मी गाळणार नाही. घरातली माणसं गेल्यावर मनात काय साठतं हे समजू शकतं, पण कबरीवर काढलेला राग पुढच्या पिढीत उगवतो.

महादजींचं मोठेपण मला त्यानंतरच्या वर्षांत दिसतं. इंग्रजांशी लढाई चालू असतानाच, दोन्ही बाजूंना मान्य होईल असा माणूस ते ठरले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाला जामीन महादजीच राहिले. १७८४ च्या अखेरीस बादशहाने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ केलं, म्हणजे साम्राज्याचा सर्वाधिकारी कारभारी, आणि पेशव्यांचे नायब म्हणून तो अधिकार महादजींच्या हाती आला. बादशहाच्या खर्चासाठी महिना ६५ हजार रुपये ठरले. एवढा अधिकार मिळूनही लोक त्यांना ‘पाटीलबाबा’ म्हणत, आणि ते स्वतःही पाटीलच म्हणवून घेत.

पण किताबाने पोट भरत नाही. दिल्ली-आग्र्याचा मुलूख उजाड झालेला, राजपूत राजांकडची खंडणी थकलेली, फौजेचे पगार तुंबलेले. १७८७ मध्ये लालसोटला जयपूर-जोधपूरशी गाठ पडली, तेव्हा पगार न मिळालेली बादशाही पलटणं तोफांसह उठून शत्रूला मिळाली. महादजींना माघार घ्यावी लागली. त्या संधीचा फायदा नजीबाच्या नातवाने घेतला. गुलाम कादिर दिल्लीत शिरला आणि ऑगस्ट १७८८ मध्ये त्याने म्हाताऱ्या शाहआलमचे डोळे काढले.

आता गंमत पाहा. आंधळ्या मुसलमान बादशहाला मुसलमान सरदाराच्या हातून सोडवायला मराठ्यांची फौज गेली, आणि त्या फौजेचा सेनापती होता राणेखान. पानिपतच्या वाटेवरचा तोच भिस्ती. ऑक्टोबरमध्ये किल्ला हाती आला, बादशहा पुन्हा गादीवर बसला, आणि पुढे गुलाम कादिर पकडला जाऊन हालहाल होऊन मेला. ही हिंदू-मुसलमानांची लढाई आहे असं समजून जो हा हिशेब मांडायला बसेल, त्याची बेरीज कधीच जुळणार नाही. इथे वैरं होती, मुलूख होता, पैसा होता, आणि खाल्ल्या मिठाला जागणारी माणसंही होती.

मी कवितेचा माणूस, म्हणून आणखी एक धागा सांगतो. शाहआलम ‘आफताब’ या नावाने शायरी करायचा. महादजी भक्तिपर पदं रचायचे. बीडचे सूफी मन्सूरशहा हे त्यांचं श्रद्धास्थान होतं आणि शिंद्यांच्या घराण्याने ती श्रद्धा पुढेही जपली. कोकणातून उत्तरेत गेलेले सोहिरोबानाथ आंबिये त्यांना भेटले तेव्हा महादजींनी आपली पदं दाखवली, आणि सोहिरोबांनी ती चांगली नाहीत असं तोंडावर सांगितलं, अशी आख्यायिका आहे. मला ती आवडते. सत्ताधीशाला त्याची कविता वाईट आहे असं सांगता येत होतं आणि सांगणारा जिवंत परतत होता, असं लोकांना वाटलं, हे काही थोडं नाही.

१७९२ च्या जूनमध्ये महादजी बादशहाचं फर्मान आणि खिलत घेऊन पुण्याला आले. पेशव्यांसमोर त्यांनी त्यांचे जोडे उचलले आणि हाच आपला वडिलोपार्जित धंदा असं सांगितलं, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. ती नम्रता होती आणि राजकारणही होतं. नाना फडणीसांना ते चांगलं कळत होतं. उत्तरेत राबणाऱ्या फौजेला पैसा कोण देणार, हिशेब कोण तपासणार, हा दोघांतला खरा वाद. तिकडे १७९३ मध्ये लाखेरीला शिंदे आणि होळकर यांच्या फौजाच एकमेकींवर तुटून पडल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीत वारले. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १८०३ मध्ये, इंग्रजांनी दिल्ली घेतली. तोच आंधळा शाहआलम आता त्यांच्या पेन्शनीवर आला. महादजींनी उभं केलेलं सारं त्यांच्या हिकमतीवर चालत होतं. ते गेल्यावर चालवणारी व्यवस्था मागे नव्हती. एका माणसावर उभ्या असलेल्या राजकारणाचं हे दुखणं आपल्याला अनोळखी नाही.

माझा पुतण्या यंदा सातवीत आहे. पानिपतचा धडा त्याच्या वर्गात कधी येतो याची मी वाट पाहतोय. त्याआधी एका रविवारी त्याला वाघोलीची समाधी दाखवून वानवडीला न्यायचं ठरवलं आहे. छत्रीत महादजींची हकीकत सांगताना त्या पखालीच्या बैलाची गोष्टही सांगेन. मग वर्गात कुणाची मान वळलीच, तर त्याच्याजवळ सांगायला एक नाव असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)