बाटुमीचा निर्णायक डाव

जॉर्जिया देशात काळ्या समुद्रावरील बाटुमी या बंदरी २८ जुलै २०२५ रोजी महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाची सांगता झाली आणि नागपूरच्या कु. दिव्या देशमुख विजयी ठरल्या. प्रतिस्पर्धी श्रीमती कोनेरू हंपी यांच्या हातून वेळेच्या टंचाईत चूक घडली, तेव्हा हा विजय दैवाने दिला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचा विचार डावाच्या आधारेच केला पाहिजे.

अंतिम फेरीतील दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. त्यानंतरचा पहिला जलद डावही तसाच गेला. दुसऱ्यात पांढरी मोहरी श्रीमती हंपींकडे होती, आणि २०२४ चे जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपदही त्यांनीच मिळविलेले होते. त्यांनी कातालान पद्धतीने डाव मांडला. १९२९ मध्ये बार्सिलोना येथील स्पर्धेच्या चालकांनी आपल्या कातालोनिया प्रांताच्या गौरवार्थ एखादी नवी मांडणी योजावी अशी विनंती केल्यावरून तार्ताकोवर यांनी ती खेळली, असा या नावाचा इतिहास आहे. वजिरापुढील व वजिराकडील उंटापुढील प्यादी दोन-दोन घरे सारावयाची, राजाकडील घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकवून त्यामागे उंट बसवावयाचा, आणि त्या तिरक्या रेषेवरून पटाच्या मध्यावर दीर्घकाळ दाब ठेवावयाचा, ही तिची रीत. तीत झटपट मात अभिप्रेत नसते. लहानसा वरचढपणा जपत शेवट गाठावयाचा असतो.

म्हणजे डाव लांबला तर लाभ पांढऱ्याचा व्हावा, हाच या मांडणीचा हेतू. येथे डाव सत्तरांहून अधिक चाली लांबला. पण तोवर काळ्याचा बचाव मोडला नव्हता. घड्याळ दोघींचेही चालू होते. अखेरची चूक श्रीमती हंपींची झाली हे खरे. परंतु ती चूक होईपर्यंत पटावर टिकून राहणे हे दैवाचे काम नव्हे, असे आम्हांस वाटते.

श्रीमती हंपी २००२ पासून ग्रँडमास्टर, कु. देशमुख अवघ्या एकोणीस वर्षांच्या, आणि त्यांना तो किताब या विजयानेच लाभला. महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. १९७४ मध्ये वासंती खाडिलकर यांनी महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १९८१ मध्ये त्यांच्या भगिनी रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या. ज्या जॉर्जियाने १९६२ मध्ये नोना गाप्रिंदाश्विली यांच्या रूपाने जगज्जेती दिली, त्याच भूमीवर त्या परंपरेला हे नवे फळ आले. आमच्या घरांतून कपाटात पडून असलेले पट या निमित्ताने मुलींपुढेही मांडले जावेत, एवढीच इच्छा.