पडद्याचे माप कोणाचे?

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातील पहिला संच १९७१ साली सुरू झाला, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरदर्शन केंद्र. त्या काळी चित्र जुळविणे म्हणजे छपरावरचा अँटेना फिरविणे. १९८२ साली रंग आले, तेव्हा कार्यक्रमापूर्वी दिसणारे रंगीत पट्टे हे घरोघरचे सामाईक माप झाले.

प्लाझ्मा पडदा मात्र जन्मला १९६४ साली, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात. बिट्झर, स्लॉटो व विल्सन यांनी तो करमणुकीसाठी नव्हे, तर संगणकाद्वारे शिकविण्यासाठी घडविला. बारीक कोशांत कोंडलेल्या वायूतून वीज खेळते आणि कोश उजळतो, एवढेच त्याचे मर्म. पुढे तो दिवाणखान्यात आला, आणि २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबविले.

हा नवा संच घरी येई तो दुकानाच्या लखलखाटात उठून दिसावा अशा भडक मांडणीतच. जाणकार गृहस्थ तो प्रथम शांत करी. ब्राइटनेस इतकाच, की काळी साडी काळी दिसावी, पण तिच्या चुण्या बुजू नयेत. कॉन्ट्रास्ट इतकाच, की पांढऱ्या धोतराची घडी हरवू नये. एकच स्थिर चित्र तासन्‌तास ठेवायचे नाही, कारण त्याचा डाग पडद्यावर राहतो.

तात्पर्य, सामाईक मापाची जागा विक्रेत्याच्या मापाने घेतली. माप कोणी ठरवावे, हा प्रश्न कामगाराला तराजूपासून कामाच्या तासांपर्यंत परिचित आहे. भडकपणाला तेज समजू नये. त्यासाठी अधिक जळणारा कोळसाही कोणीतरी खणलेला असतो.