हुपरीतला जादा ‘ए’

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचे चांदीचे पैंजण देशभर जातात आणि त्यांच्यासोबत गावाचं नावही जातं. इंग्रजीत ते दोन तऱ्हांनी लिहितात: एक ‘एच-यू-पी-आर-आय’, दुसरी ‘पी’नंतर ‘ए’ घालून. गावात म्हणतात ‘हुप्री’. देवनागरीतलं अक्षर न् अक्षर उतरवणारा ‘प’मधला अ लिहितो, कानावर विसंबणारा गाळतो.

या घोळाचं मूळ कंपनी सरकारच्या दफ्तरात आहे. साहेब लोक गावांची नावं कानाला येतील तशी उतरवत. १७८८मध्ये विल्यम जोन्स यांनी रोमन लेखनाची शिस्त सुचवली, पण कारभाराला ती लगेच लागली नाही. ग्रॅहम या अधिकाऱ्याच्या १८५४च्या अहवालात कोल्हापूरच्या शेवटी दोन ‘ओ’ आहेत. १८८६च्या मुंबई गॅझेटियरमध्ये त्यांच्या जागी ‘यू’ आला. मधल्या काळात विल्यम हंटर यांची पद्धत सरकारनं स्वीकारली होती. रूढ झालेल्या नावांना मात्र तिनं सूट दिली, म्हणून ‘बॉम्बे’, ‘पूना’ तशीच राहिली.

जगाचीही हीच अडचण होती. १८९१मध्ये बर्नच्या भूगोल परिषदेत आल्ब्रेख्ट पेंक यांनी साऱ्या जगाचा दशलक्षांश प्रमाणाचा नकाशा सुचवला. मग प्रश्न आला, त्यावर नावं कुणाच्या उच्चारानं लिहायची? संयुक्त राष्ट्रांच्या १९६७च्या जिनिव्हा परिषदेनं दिशा दिली: प्रत्येक देशानं आपली नावं आधी घरी पक्की करावीत, जगानं ती घ्यावीत. १९७२च्या लंडन परिषदेत मराठीसह भारतीय लिप्यांसाठी टिंबा-रेघांची काटेकोर रोमन पद्धत मंजूर झाली. भारतात ती कागदावरच राहिली. इथं हंटरचीच पद्धत चालते.

 इंग्रजीत शेजारच्या रेंदाळचा आणि यळगूडचा ‘ळ’ ‘ल’ होऊन बसतो. रोजच्या वापरात हंटरच्या खुणाही गळतात, मग एकच ‘ए’ अ आणि आ दोन्हींसाठी राबतो, त्यामुळे परगावचा माणूस बेधडक ‘हुपारी’ वाचतो. गावकऱ्याला दोन्ही स्पेलिंगं एकच. संगणकाच्या यादीत मात्र ती दोन वेगळी गावं ठरू शकतात.

जिनिव्हानं काम देशावर सोपवलं, पण देशालाही नाव शेवटी गावाच्या तोंडूनच घ्यावं लागतं. तोच कौल मानायचा तर जादा ‘ए’ काढून टाकावा. हुपरीत तो कुणीच उच्चारत नाही.