गंज किती चालेल?

जुनी मोटार विकत घ्यायला निघालेला माणूस जाणकाराला आधी विचारतो ते गंजाबद्दल. इंजिन उघडून नवे करता येते, गाद्या पुन्हा शिवून घेता येतात. पण पत्रा सडला की गाडी हातची गेली असे मानतात. म्हणून ‘गंज किती चालेल?’ हा प्रश्न. त्याचे उत्तर बहुतेक वेळा टक्केवारीत किंवा किमतीत दिले जाते. माझ्या मते हा प्रश्न मुळात इतिहासाचा आहे. मोटार बांधण्याची पद्धत बदलली तसे त्याचे उत्तरही बदलत गेले, आणि हा बदल लक्षात न घेता दिलेले उत्तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींना स्वतंत्र चासी असे. पोलादी तुळयांची ही चौकट इंजिनाचा, चाकांचा आणि माणसांचा भार वाही. बॉडी तिच्यावर वेगळी बसवलेली असे. घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांकडून आलेली ही रीत. अशा गाडीचा मडगार्ड गंजून चाळणी झाला तरी कणा शाबूत राही. पुढे भार खुद्द पत्र्याच्या सांगाड्याने पेलावा अशी रचना आली. १९२२ची लान्सिया लाम्ब्डा आणि १९३४ची सित्रोएन त्राक्सिओं आव्हाँ हे तिचे महत्त्वाचे टप्पे. गाडी हलकी आणि मजबूत झाली. मात्र कालपर्यंत केवळ झाकण असलेला पत्रा आता हाडाचे काम करू लागला.

आपल्या ओळखीचे उदाहरण फियाट ११००चे. महायुद्धापूर्वीच्या ११००ला वेगळी चासी होती. १९५३मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या ११००-१०३मध्ये ती उरली नाही. याच वंशातली गाडी वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईची ओळख बनली. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली. आता खाजगी मालकांकडच्या पद्मिनींना जुन्या गाडीचा मान मिळू लागला आहे, म्हणून हा प्रश्न आपल्या दाराशी आला आहे.

अशा गाडीत दाराच्या कडेला आलेला तांबूस डाग पाहून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचे ते दारांखालच्या लांब पोकळ पेटीकडे, पायांखालच्या पत्र्याकडे आणि मागचे कमानपाटे बॉडीला जोडले जातात त्या जागांकडे. पोकळीत शिरलेले पाणी आतून पत्रा खाते. रंगावर फोड दिसेपर्यंत आतले काम उरकलेले असते. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ते आणखी लवकर उरकते. लांबी भरून रंग मारला की डोळ्यांना काही कळत नाही. चुंबकाला कळते, कारण लांबीच्या जाड थरावर तो धरत नाही. बोटाच्या सांध्याने ठोकले तर निरोगी पत्रा वाजतो, लांबी भरलेला बद्द आवाज देतो. जॅकवर उचलल्यावर दार अडकू लागले, तर सांगाडा वाकतो आहे असा संशय घ्यावा.

कायद्यालाही हा फरक ओळखावा लागला. ब्रिटनमध्ये १९६०मध्ये दहा वर्षांवरील मोटारींची तपासणी सुरू झाली तेव्हा तिच्यात ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढेच होते. बॉडीच्या रचनेची आणि चासीची स्थिती १९७७मध्ये समाविष्ट झाली. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला भार वाहणारा पत्रा गंजून कमकुवत झालेला नसावा, असा तिथला दंडक आहे. गाडीवर एकूण गंज किती, हे तो दंडक मोजत नाही. गंज कुठे आहे, हे पाहतो.

याच्या उलट बाजूलाही एक विचार आहे. कला-इतिहासकार आलोइस रीगल यांनी १९०३मध्ये वास्तूंच्या संदर्भात वयाच्या खुणांनाच मूल्य असते असे मांडले. मोटारींच्या जगात हा विचार उशिरा पोचला. १९२५ची एक बुगाती ब्रेशिया १९३६च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील माज्जोरे सरोवरात बुडवली गेली होती. जुलै २००९मध्ये ती वर काढली, तेव्हा तिची एक बाजू जवळजवळ नाहीशी झाली होती. जानेवारी २०१०मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला २,६०,५०० युरो मिळाले आणि कॅलिफोर्नियातील संग्रहालयात ती आहे तशीच मांडली गेली. तिचा गंज हेच तिचे चरित्र ठरले. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२मध्ये स्वीकारलेली तुरिन सनदही मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, हस्तक्षेप कमीत कमी असावा, असेच सांगते.

पण इथे एक सावधगिरी हवी. तांब्या-पितळेवर चढणारा हिरवट थर खालच्या धातूला बरेच संरक्षण देतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि खाणे चालूच राहते. म्हणून ब्राँझच्या मूर्तीवरचे वार्धक्याचे कौतुक जसेच्या तसे मोटारीला लावता येत नाही. राखायचा गंज आधी थांबवलेला असला पाहिजे.

भारतात २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना व्हिंटेज नोंदणी खुली केली. वाहन मूळ रूपात असावे, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, ही तिची अट. मग सडलेली पेटी कापून तशीच नवी जोडणे हा फेरफार, की दुरुस्ती? माझ्या मते तोच आकार, तीच जाडी आणि केलेल्या कामाची लेखी नोंद असेल, तर ती दुरुस्तीच. खोटेपणा लांबीखाली सड लपवण्यात आहे.

सारांश, गंज किती चालेल हे गाडीकडून आपण काय मागतो त्यावर ठरते. तिने साक्ष द्यावी असे वाटत असेल, तर सरोवरातली बुगातीही पुरे. तिने चार माणसे बसवून घाट उतरावा असे वाटत असेल, तर भार वाहणाऱ्या जोडापाशी बोटभर गंजही नको. या दोन्ही मागण्या एकाच सडलेल्या पत्र्याकडून करू नयेत.