पाइप, तंबाखूचा

तंबाखू जाळून तिचा धूर ओढण्याचे एक साधन. तंबाखू भरण्याचा खोलगट पेला, धूर वाहून नेणारा पोकळ दांडा आणि ओठांत धरावयाची मुखनळी हे त्याचे तीन प्रमुख भाग होत. हुक्क्यात धूर पाण्यातून येत असल्याने तो वाटेतच थंड होतो. पाइपमध्ये अशी सोय नसते. जळत्या तंबाखूची उष्णता आणि धुरातील ओलावा या दोहोंचा भार मुख्यत्वे पेल्यावरच पडतो. म्हणून पेला कोणत्या द्रव्याचा करावा, हा पाइप बनविणाऱ्यांपुढील पहिला प्रश्न राहिला. दगड, माती, चिनी माती, मिअरशॉम व ब्रायरचे लाकूड ही या प्रश्नाची निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे होत. यांपैकी प्रत्येक द्रव्यावर वापराचा परिणाम वेगळा होतो. कोणता पाइप फेकून द्यावयाचा, कोणता जपावयाचा व कोणता संग्रही ठेवावयाचा, हे पुष्कळ अंशी या परिणामावरच ठरत आले आहे.

प्रारंभ : तंबाखूची वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून तेथील मूळ रहिवासी यूरोपीयांच्या आगमनापूर्वी अनेक शतके पाइप ओढीत होते. सध्याच्या ओहायओ राज्यात नांदलेल्या होपवेल संस्कृतीच्या (सु. इ. स. पू. २०० – इ. स. ५००) लोकांनी दगडी पाइपवर पक्षी, बेडूक, पाणमांजर इ. प्राण्यांच्या आकृती कोरल्या. इफ्रेम स्क्वायर व एडविन डेव्हिस यांना माउंड सिटी येथील एका टेकाडात १८४६ मध्ये असे सु. २०० पाइप सापडले. त्यांतील बहुतेक मुद्दाम फोडून मृतांसाठी ठेवलेले होते. हा संग्रह पुढे इंग्लंडमध्ये गेला व अखेर ब्रिटिश म्युझियममध्ये आला. माउंड सिटीसह होपवेल संस्कृतीच्या मातकामांना २०२३ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

मिनेसोटा राज्यातील तांबड्या मऊ दगडापासून मैदानी प्रदेशातील जमाती आपले धार्मिक विधीचे पाइप घडवीत. जॉर्ज कॅटलिन या चित्रकाराने १८३६ मध्ये या खाणीला भेट दिली. त्याच्या नावावरून दगडास कॅटलिनाइट असे नाव पडले. १९३७ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आली व तेथील दगड काढण्याचा हक्क केवळ मूळ अमेरिकी लोकांना देण्यात आला. अशा पाइपची विक्री करावी किंवा काय, याविषयी खुद्द या जमातींतच मतभेद आहेत. संग्राहकाला जी केवळ एक कलावस्तू वाटते, ती तिच्या मूळ धन्याच्या लेखी प्रार्थनेचे साधन असू शकते. ही जाणीव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढत गेली. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यान्वये पवित्र वस्तू संबंधित जमातींकडे परत करण्याची तरतूद झाली.

मातीचे पाइप : टॉमस हॅरियट या इंग्रज विद्वानाने व्हर्जिनियातील लोक मातीच्या पाइपमधून तंबाखू ओढतात, असे १५८८ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले. इंग्लंडमध्येही लवकरच पांढऱ्या चिकणमातीचे पाइप बनू लागले. पहिला जेम्स या राजाने १६०४ मध्ये तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली व तंबाखूवरील जकात भरमसाट वाढविली. तथापि व्यसन थांबले नाही आणि १६१९ मध्ये याच राजाने वेस्टमिन्स्टरच्या पाइप कारागिरांच्या संघास सनद दिली. इंग्लंडमधून गेलेल्या सैनिकांनी व निर्वासितांनी हा धंदा नेदर्लंड्समध्ये नेला. तेथील गौडा या गावी १६६० मध्ये कारागिरांचा संघ स्थापन झाला आणि गौडाचे गुळगुळीत घोटलेले पाइप दूरवर विकले जाऊ लागले.

मळलेल्या मातीची लांब वळी करून तीत तार घालीत व ती दोन भागांच्या लोखंडी साच्यात दाबीत. पेल्याची पोकळी पाडून, तार काढून व पाइप वाळवून तो भट्टीत भाजीत. तंबाखू महाग असेतो पेले अगदी लहान असत. ती स्वस्त होत गेली, तसतसे पेले मोठे होत गेले. मातीच्या पाइपमध्ये तंबाखूची चव शुद्ध लागे, परंतु पेला हातात धरवत नसे व दांडा चटकन मोडे. किंमत अत्यल्प असल्याने मोडका पाइप फेकून नवा घेणे लोकांना परवडे.

या फेकण्यामुळेच मातीच्या पाइपला पुढे वेगळे महत्त्व आले. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये असे दाखवून दिले, की इंग्रजी पाइपच्या दांड्याचे छिद्र काळाच्या ओघात अरुंद होत गेले आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ते साधारणतः ९/६४ इंच (सु. ३·६ मिमी.) असे, तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४/६४ इंच (सु. १·६ मिमी.) एवढेच राहिले. दांडे लांब होत गेल्याने बारीक तार वापरावी लागली, हे त्याचे एक संभाव्य कारण होय. लुइस बिनफर्ड यांनी १९६२ मध्ये या निरीक्षणाला गणिती सूत्राचे रूप दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीनंतरच्या पाइपना ते लागू पडत नाही. त्याआधीच्या वसाहतींच्या उत्खननात मात्र दांड्याच्या तुकड्यांवरून वस्तीचा काळ ठरविता येतो. ज्या वस्तूची कोणी पर्वा केली नाही, ती अशा रीतीने इतिहासाचे विश्वसनीय साधन ठरली.

चिनी माती व मिअरशॉम : अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जर्मन भाषिक प्रदेशांत चिनी मातीचे रंगीत चित्रांचे पाइप लोकप्रिय झाले. विद्यार्थी व सैनिक ते आठवण म्हणून जपून ठेवीत. चिनी माती ओलावा शोषून घेत नाही. त्यामुळे पेल्याखाली पाणी साठविण्यासाठी वेगळी कुपी जोडावी लागे. ओढण्यापेक्षा पाहण्यासच ते अधिक चांगले होते.

मिअरशॉम (अर्थ समुद्रफेन) हे सेपिओलाइट या मॅग्नेशियमयुक्त सिलिकेट खनिजाचे जर्मन नाव होय. तुर्कस्तानातील एस्किशेहिर हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उगमस्थान आहे. जमिनीतून काढलेला ओला गोळा चाकूने कापता येतो व वाळलेला तुकडा पाण्यावर तरंगण्याइतका हलका असतो. तो सच्छिद्र असल्याने ओलावा शोषतो आणि उष्णतेनेही तडकत नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना हे त्याच्या कोरीवकामाचे प्रमुख केंद्र होते. कोरून झालेला पाइप मेणात बुडवून त्यास झिलई देत. वापराबरोबर तंबाखूतील द्रव्ये आत मुरून पांढराशुभ्र पेला प्रथम पिवळा, मग मधासारखा व शेवटी गडद तपकिरी होतो. हा रंग सारखा चढावा म्हणून धनी त्यास फार जपत असे. मातीच्या पाइपला वापराने अवकळा येते, मिअरशॉमला मात्र त्यानेच शोभा येते. म्हणून जुन्या मिअरशॉमची पारख करताना कोरीवकामाबरोबर रंगही पाहिला जातो.

ब्रायर : भूमध्य समुद्राकाठच्या झुडुपी रानांत वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या वनस्पतीच्या बुंध्याशी, जमिनीलगत, एक टणक गाठ वाढते. वणव्यात वरचे झुडूप जळून गेले, तरी या गाठीतून नवे धुमारे फुटतात. आगीतून तगून राहण्यासाठी निसर्गाने योजिलेल्या या अवयवातच पाइपला हवे असलेले द्रव्य सापडले. फ्रान्सच्या झ्युरा पर्वतातील सेंट क्लोद येथील कातारी पूर्वी लाकडी जपमाळा व तपकिरीच्या डब्या करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी ब्रायरचे पाइप बनविण्यास आरंभ केला व लवकरच हे गाव त्या धंद्याची राजधानी बनले.

गाठी ओल्या ठेवून त्यांचे ठोकळे पाडतात, त्यांतील चीक जाण्यासाठी ते कित्येक तास उकळतात आणि नंतर अनेक महिने सावकाश वाळवितात. यात घाई झाल्यास लाकूड भेगाळते. वापरात पेल्याच्या आत कोळशाचा पातळ थर धरतो व तो लाकडाचे रक्षण करतो. थर फार जाड झाल्यास तोच पेला फोडतो, म्हणून तो अधूनमधून खरवडावा लागतो. ओढून झालेला पाइप निदान एक दिवस सुकू देण्याची पद्धत असल्याने नेमाने ओढणारा मनुष्य एकाहून अधिक पाइप बाळगतो. अनेकांच्या संग्रहाचा उगम या साध्या गरजेत आहे.

डब्लिनच्या चार्ल्स पीटरसनने ओलावा साठविणाऱ्या खोबणीच्या पाइपचे एकस्व १८९० मध्ये घेतले. लंडनच्या आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये दुकान काढले. त्याच्या पाइपच्या मुखनळीवरील पांढरा ठिपका ही पुढे संग्राहकांची ओळखखूण बनली. वाळूच्या माऱ्याने लाकडाचा मऊ भाग झिजवून वळ्या उठविण्याची रीतही याच पेढीने १९१७ च्या सुमारास आणली. डेन्मार्कमध्ये सिक्स्टन इव्हार्सन (१९१०–२००१) याने लाकडाच्या रेषा पाहून पाइपचा आकार ठरविण्याची प्रथा पाडली. तेव्हापासून सही केलेला हातघडणीचा पाइप हा एक स्वतंत्र कलाप्रकार मानला जाऊ लागला.

इतर प्रकार : अमेरिकेतील मिझुरी राज्यात १८६९ पासून मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचे स्वस्त पाइप होतात. जनरल मॅकआर्थरमुळे ते जगभर परिचित झाले. दक्षिण आफ्रिकेत दुध्या भोपळ्याचा देठाकडील भाग वाढतानाच वळवून त्याचा पाइप करतात व आत मिअरशॉमची वाटी बसवितात. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यांसाठी वापरतात तो भोपळा वनस्पतिशास्त्रदृष्ट्या याच जातीचा होय. हा पाइप शेरलॉक होम्सशी जोडला जातो. परंतु कॉनन डॉयलच्या कथांत मातीच्या, ब्रायरच्या व चेरीच्या लाकडाच्या पाइपचे उल्लेख आहेत, भोपळ्याच्या पाइपचा नाही.

भारत : पोर्तुगीजांमार्फत तंबाखू दख्खनमध्ये आली. असद बेग या मोगल वकिलाने १६०४ च्या सुमारास विजापूरहून ती रत्नजडित नळीसह नेऊन अकबरास नजर केली. जहांगीरने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. येथे चिलीम व हुक्का रूढ झाले. बीदरच्या कारागिरांनी हुक्क्याच्या बुडांवर केलेले चांदीचे जडावकाम आज अनेक संग्रहालयांत पाहावयास मिळते. यूरोपीय पद्धतीचा पाइप इंग्रजी अमदानीत आला, परंतु तो प्रायः अधिकारी व सुशिक्षित वर्गापुरताच राहिला.

ऱ्हास व संग्रह : जेम्स बोनसॅकच्या १८८१ मधील सिगारेट यंत्रामुळे व पहिल्या महायुद्धामुळे (१९१४–१८) तयार सिगारेटचा प्रसार झाला. ज्याला वेळ द्यावा लागतो असा पाइप त्यामुळे मागे पडला. धूर छातीत न घेतल्यास पाइप निर्धोक असतो, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४ च्या अहवालाने पाइप ओढणे व ओठाचा कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मान्य केला. तोंड व घशाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आढळला आहे. भारतात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास प्रतिबंध करणारा कायदा २००३ मध्ये झाला.

सवय ओसरली तरी वस्तूंविषयीचे कुतूहल टिकून आहे. शेफील्डचे विल्यम ब्रॅग यांनी देशोदेशींचे पाइप जमविले व तंबाखूविषयक ग्रंथांसह आपल्या संग्रहाची सूची १८८० मध्ये छापली. आल्फ्रेड डनहिल यांचा पाइपच्या इतिहासावरील ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. ॲम्स्टरडॅम येथे केवळ पाइपना वाहिलेले संग्रहालय आहे. अशा संग्रहांतील पाइपवर कापलेल्या कडा, दातांचे व्रण व मुरलेला रंग आढळतो. या खुणा पुसून पाइप नव्यासारखा करावा की तशाच राखाव्यात, यावर संग्राहकांत एकमत नाही. विकणारा पहिल्या मार्गाकडे झुकतो. अभ्यासकाला मात्र दुसरा मार्ग अधिक उपयुक्त वाटतो, कारण पाइप कोणी व कसा वापरला, हे त्याला या खुणांवरूनच कळते.