आम्रनाथ ते अंबरनाथ : एक देऊळ आणि त्याची नदी

पर्यटनाच्या पुस्तिकांना ‘निसर्गरम्य आणि ऐतिहासिक’ या जोडशब्दांची भारी आवड असते. एका पानावर धबधबा, समोरच्या पानावर देऊळ, आणि दोहोंचा संबंध इतकाच की एका रविवारी दोन्ही ‘करता’ येतात. अंबरनाथ–बदलापूर परिसराविषयी जे लिहिले जाते तेही बहुधा याच वळणाचे असते. शिवमंदिर, मलंगगड, कोंडेश्वर, बारवी धरण, चंदेरी अशी एक यादी, सोबत लोकलच्या वेळा. आमचे म्हणणे असे की निदान या एका देवळाच्या बाबतीत तरी निसर्ग आणि इतिहास अशी दोन खाती पाडता येत नाहीत. ती पाडल्यामुळे देवळाचे आकलन तर अपुरे राहिलेच, पण शेजारच्या नदीचेही नुकसान झाले.

आधी देवळाच्या वयाची गोष्ट, कारण ती कोणत्याही कथेइतकी रंजक आहे. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आतल्या बाजूस एक झिजलेला संस्कृत शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला आणि त्यातला शक ७८२ असल्याचे सांगितले. म्हणजे इसवी सन ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तोच लेख पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे, असे दाखवून दिले. शक ९८२, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार. म्हणजे २७ जुलै १०६०. एका अंकाने देवळाचे वय दोनशे वर्षांनी उतरले. भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखाली तयार झालेले, वर्षानुवर्षे त्यांच्यासाठी देशभर लेखांचे ठसे घेत हिंडलेले. शिष्याने गुरूचे वाचन दुरुस्त करावे आणि त्यात कोणालाही गुरुद्रोह दिसू नये, असे ते वातावरण होते. (आजच्या विद्यापीठीय जगात असे किती वेळा घडते, हा प्रश्न आम्ही येथे केवळ नोंदवून ठेवतो.) वा. वि. मिराशी यांनी १९७७ साली शिलाहारांचे सगळे लेख एकत्र संपादित केले, त्यात हीच मिती कायम आहे.

लेखात राजा म्हणून माम्वाणि, म्हणजे मुम्मुणी शिलाहाराचे नाव येते आणि त्याच्या थोरल्या भावाचे, छित्तराजाचेही. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकापाठोपाठ एक उत्तर कोकणच्या गादीवर आले. त्यावरून देवळाचे काम पहिल्या भावाच्या काळी सुरू होऊन तिसऱ्याच्या काळी पुरे झाले असावे, असे अभ्यासक मानतात. या घराण्याचा ताम्रपटांतून मिरवला जाणारा अधिकार ‘पुरीप्रमुख चौदाशे गावांच्या’ कोकणावर होता. आता देवळे काही नुसत्या शेतसाऱ्यावर उभी राहत नाहीत. याच घराण्यातल्या अनंतदेवाने शके १०१६ मध्ये, म्हणजे १०९४-९५ च्या सुमारास, दिलेल्या खारेपाटणच्या ताम्रपटात श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे चौल या बंदरांत येणाऱ्या गलबतांवरची जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. ज्या राज्यात जकात माफ करणे हे दानासारखे कोरून ठेवले जाते, तिथे ती जकात काय मोलाची असेल याचा अंदाज वाचकांनीच करावा. अंबरनाथ हे समुद्रकाठचे गाव नव्हे. पण त्याच्या नक्षीत समुद्राचा पैसा आहे, असे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही.

आम्ही मराठीचे शिक्षक, म्हणून या घराण्याकडे आमचे आणखी एका कारणाने लक्ष जाते. या तिघा भावांचा चुलता अरिकेसरी, ऊर्फ केशिदेव. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेख त्याच्या काळचा. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनानुसार तो शक ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा, आणि म्हणून मराठीतला आद्य ज्ञात शिलालेख. हे वाचन सर्वांनी स्वीकारलेले नाही. येथेही वाद पुन्हा आकड्यांचाच आहे. पण तुळपुळ्यांचे वाचन धरून चालले तर चित्र मोठे बोलके होते. चुलत्याच्या काळी समुद्रकाठी लोकांच्या बोलीत दगड कोरला जातो आणि अर्ध्या शतकाने पुतण्याच्या देवळात राजदरबारी संस्कृत. जिथे गावकऱ्याला बजावायचे तिथे मराठी, जिथे देवाला आणि पुढल्या राजांना सांगायचे तिथे संस्कृत, अशी ही भाषेची वाटणी दिसते.

देवाचे नावही भाषेच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. लेखातले नाव ‘आम्रनाथ’. आज गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिले की आकाश दिसते, म्हणून ‘अंबर’नाथ, अशी व्युत्पत्ती पुजाऱ्यापासून वाटाड्यापर्यंत सगळे सांगतात. ती गोड आहे, पण तिची गरज नाही. ‘म्र’चा उच्चार करताना मध्ये ‘ब’ आपोआप येतो. ‘ताम्र’चे तांबे होते, ‘आम्र’चा आंबा होतो, तसाच आम्रनाथाचा अंबरनाथ. आकाश नंतर आले. शिखराचा वरचा भाग नाहीसा झाल्यावर, किंवा तो कधी पुरा झालाच नसेल तर तसाच राहिल्यावर, लोकांनी नावाला साजेसा अर्थ शोधला. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले आणि उजाडले म्हणून ते अर्धे राहिले, ही कथाही त्याच उघड्या माथ्याचे स्पष्टीकरण आहे.

वास्तूविषयी थोडे. देऊळ भूमिज शैलीचे, पश्चिमाभिमुख, काळ्या पाषाणाचे. शैलीने आपल्याकडे त्याच्या जवळचे म्हणजे सिन्नरचे गोंदेश्वर. मंडप आणि गाभारा हे दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा भिडवून मांडलेले आहेत. त्यामुळे बाहेरची भिंत सरळ न जाता सतत मोडत, वळत जाते आणि प्रत्येक मोडीवर मूर्तीला जागा मिळते. गजासुराचा वध करणारा शिव, दाढीवाला ब्रह्मदेव, नृत्य करणाऱ्या देवता, आणि त्यांच्या पायाशी हत्तींची रांग. १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी येथे पाठवून देवळाची रेखाटने, छायाचित्रे आणि शिल्पांचे साचे तयार करवून घेतले. कल्याणपासून पुढे या बाजूला रेल्वे १८५६ मध्येच आली होती, हे त्या मोहिमेचे एक साधेसुधे कारण म्हणता येईल.

पण सर्वांत विलक्षण भाग आत आहे. मंडपातून गाभाऱ्यात जाण्यासाठी वर चढायचे नसते, खाली उतरायचे असते. वीसएक पायऱ्या उतरून देव जमिनीच्या पोटात भेटतो. देवळाला अगदी खेटून वालधुनी नदी वाहते. इतक्या जवळ पाणी असताना गाभारा खाली नेण्याचे धाडस ज्या स्थपतीने केले, त्याने खडक, पाण्याची पातळी आणि पावसाळा यांचा विचार केलाच असणार. लेखाची मिती श्रावणातली आहे, हेही विसरू नये. ऐन पावसात, नदी भरून वाहत असताना, देवळाच्या पूर्तीची नोंद झाली. मूर्ती मोजणारे पुष्कळ भेटतात. हे देऊळ नदी पाहून बांधले आहे, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी बोलते.

सिसिली या भूमध्य समुद्रातल्या बेटावर सेजेस्टा येथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले एक ग्रीक देऊळ उभे आहे. तेही छपराविना, त्याच्या खांबांवरच्या उभ्या पन्हळीही कोरायच्या राहून गेलेल्या. पाहणारा ते पाहतो तेव्हा भोवतालची टेकडी, दरी, गवत यांच्यासकट पाहतो. तो उघडा प्रदेश वजा केला तर देवळाचा अर्धा अर्थ जाईल. अंबरनाथलाही असा प्रदेश होता. पूर्व-दक्षिणेला माथेरानची डोंगररांग, तिच्यात तावली, चंदेरीचा बोडका सुळका, मलंगगडाचा खडा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर, आणि देवळाचा दगडही त्याच कुळातला. मलंगगडाने १७८० साली कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रजी फौजेला दाद लागू दिली नाही, ती मुख्यतः या कड्यांच्या जोरावर. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला तर देऊळ आणि डोह वेगळे सांगताच येत नाहीत. तिथे पाण्यानेच खडकात कुंडे कोरली आहेत. दर पावसाळ्यात त्यांत माणसे बुडतात, तरी गर्दी ओसरत नाही. बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचे ठाणे, ही व्युत्पत्ती आम्ही ‘अंबर’च्याच पंक्तीला बसवतो.

विसाव्या शतकाने हा प्रदेश फार वेगाने बदलला. आगपेट्यांचा विमको कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण साहित्याचे कारखाने आले, पुढे औद्योगिक वसाहत. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. सर्वस्व गमावून आलेल्या समाजाने नव्या गावाला नदीचे नाव घेतले, याचे आम्हाला नेहमी अप्रूप वाटते. वस्तीचे भाग मात्र अजूनही ‘कॅम्प नंबर’ने ओळखले जातात.

त्या उल्हासला मिळणाऱ्या वालधुनीच्या वाट्याला मात्र नाव घेण्यासारखे काही उरले नाही. अंबरनाथ आणि उल्हासनगर यांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने तिच्यात गेली. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस टँकरमधून नदीत सोडलेल्या रसायनाचा वायू उल्हासनगरच्या वस्तीत पसरला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणासाठी परिसरातल्या नगरसंस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड सुनावला.

देवळाला केंद्रीय संरक्षण आहे. २०१० च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास बंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. घर बांधणाऱ्याला हे अंतर लागू पडते. पाण्याला ते ठाऊक नसते. तीनशे मीटरच्या पलीकडे नदीत जे सोडले जाते ते कोणतीही परवानगी न घेता देवळाच्या पायथ्याशी येते. काठाला घाट बांधले, दिवे लावले, तरी पाणी वरूनच यायचे आहे. स्मारक म्हणजे दगड, आणि नदी म्हणजे दुसऱ्या खात्याची बाब, ही विभागणी कायद्याच्या भाषेतच आहे, आणि आरंभी उल्लेखिलेल्या पुस्तिकांची विभागणीही तीच आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हल्ली देऊळ उलट्या दिशेने पाहायला सांगतो. आधी काकोळे गावाकडे जायचे, जिथे डोंगरात वालधुनीचा उगम आहे आणि रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी इंग्रजांच्या काळी बांधलेला, आजही ‘जीआयपी टँक’ म्हणून ओळखला जाणारा तलाव आहे. तिथून प्रवाहाच्या कडेने, जमेल तिथे आणि जमेल तसे, खाली यायचे. पाण्याचा रंग कुठे बदलतो, काठची झाडे कुठे संपतात, पहिला नळ कुठून येऊन मिळतो, हे वहीत लिहायचे. मग देवळात शिरायचे आणि त्या वीसएक पायऱ्या उतरायच्या.